विद्यापीठांची ब्रीदवाक्ये : लॅटिन परंपरा आणि महाराष्ट्रातील आदर्श

सारांश

विद्यापीठाच्या बोधचिन्हाखाली ब्रीदवाक्य कोरण्याची प्रथा युरोपातील असून तेथे तिची भाषा प्रामुख्याने लॅटिन राहिली. १८५७ नंतर भारतात स्थापन झालेल्या विद्यापीठांनी ही प्रथा स्वीकारली. मात्र महाराष्ट्रात लॅटिनची जागा बहुतांशी संस्कृतने आणि पुढे काही प्रमाणात मराठीने घेतली. प्रस्तुत निबंधात या ब्रीदवाक्यांचे मूळ संदर्भ, त्यांतील आदर्श आणि त्यांच्या भाषेची निवड यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. ब्रीदवाक्य ही शोभेची ओळ नसून संस्थेने दिलेले वचन आहे आणि मराठी परंपरेतील 'ब्रीद' या संकल्पनेनुसार त्या वचनाच्या पूर्ततेची मागणी करण्याचा अधिकार विद्यार्थ्याकडे जातो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : ब्रीदवाक्य, लॅटिन, संस्कृत, वृत्त, शील, क्रिया, उच्च शिक्षण

१. प्रस्तावना

नाणी, शिक्के, ताम्रपट आणि शिलालेख यांवरील मजकुराला इतिहासाचे साधन म्हणून मान्यता मिळाली आहे. राज्यकर्ता स्वतःला काय म्हणवून घेतो, कोणत्या भाषेत म्हणवून घेतो आणि कोणाला उद्देशून म्हणवून घेतो, यावरून त्या राजवटीची वैचारिक बैठक कळते. विद्यापीठाचे बोधचिन्ह हेही याच जातीचे साधन आहे. पदवीप्रमाणपत्र, गुणपत्रक, नियतकालिके आणि प्रवेशद्वार यांवर ते सर्वत्र असते. पण त्याखालील चार शब्द वाचण्याची तसदी विद्यार्थी क्वचितच घेतो आणि प्राध्यापकही फारशी घेत नाहीत, हे मान्य करावे लागेल.

या निबंधात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. ही वाक्ये कोठून आली? त्यांतून कोणता शैक्षणिक आदर्श व्यक्त होतो? आणि ज्या समाजाच्या खर्चाने विद्यापीठ चालते त्या समाजाला ते वाक्य वाचता येते काय?

२. लॅटिन ब्रीदवाक्यांची परंपरा

मध्ययुगीन युरोपातील विद्यापीठांत व्याख्याने, वादविवाद, परीक्षा आणि नियमावल्या या सर्वांची भाषा लॅटिन होती. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड येथे निरनिराळ्या प्रदेशांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना जोडणारी ती एकमेव भाषा होती. त्यामुळे ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये असणे हे त्या काळी पांडित्यप्रदर्शन नव्हते. ती संस्थेची व्यवहारभाषाच होती. पुढे देशी भाषांतून अध्यापन सुरू झाले, तरी ब्रीदवाक्ये लॅटिनमध्येच राहिली. व्यवहाराची भाषा अशा रीतीने प्रतिष्ठेची भाषा झाली.

आशयाच्या दृष्टीने पाहता या वाक्यांत प्रकाश आणि सत्य या दोन कल्पना वारंवार आढळतात. ऑक्सफर्डचे 'दोमिनुस इलुमिनातिओ मेआ' म्हणजे 'प्रभू हाच माझा प्रकाश'. हे बायबलमधील सत्ताविसाव्या स्तोत्राचे आरंभीचे शब्द आहेत. केंब्रिजचे वाक्य 'येथून प्रकाश आणि पवित्र पेयांचे घोट' अशा अर्थाचे आहे. अमेरिकेतील येलचे 'लुक्स एत वेरितास' म्हणजे 'प्रकाश आणि सत्य'. हार्वर्डचे उदाहरण विशेष बोलके आहे. १६४० च्या दशकातील नोंदीत तीन पुस्तकांवर विभागून लिहिलेला 'वेरितास', म्हणजे 'सत्य', हा शब्द आढळतो. परंतु नंतर दीर्घकाळ ख्रिस्त आणि चर्च यांचा उल्लेख करणारे वाक्य प्रचारात होते. एकोणिसाव्या शतकात जुनी नोंद पुन्हा उजेडात आल्यावर 'वेरितास' परत आले. एकाच संस्थेने काळानुरूप आपला आदर्श कसा बदलला, याचे हे दर्शन आहे.

ब्रीदवाक्यांचे दुसरे मोठे उगमस्थान रोमन काव्य हे होय. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने धर्मपंथाची अट न लावता विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. त्याचे वाक्य व्हर्जिलच्या 'ईनिड' या महाकाव्यातील असून, सर्वांनी यावे आणि गुणवत्तेनुसार पारितोषिकाची अपेक्षा धरावी, असा त्याचा आशय आहे. मूळ काव्यात हे उद्गार क्रीडास्पर्धांच्या घोषणेत येतात. संस्थेने ते उचलून शिक्षणाच्या खुल्या दाराला लावले. येथे एक महत्त्वाचे सूत्र हाती लागते : ब्रीदवाक्य बहुधा उसने असते आणि उसने घेताना त्याचा अर्थ बदलतो.

३. १८५७ : एक नमुना, भिन्न उत्तरे

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. तिन्हींसमोर लंडन विद्यापीठाचा नमुना होता. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी ती रचना होती. बोधचिन्ह आणि ब्रीदवाक्य हा या पाश्चात्त्य नमुन्याचाच भाग होय. या तीन विद्यापीठांच्या ब्रीदवाक्यांच्या भाषा मात्र तीन आहेत.

कलकत्ता विद्यापीठाचे वाक्य इंग्रजी असून 'ज्ञानाची अभिवृद्धी' असा त्याचा अर्थ आहे. फ्रान्सिस बेकनच्या १६०५ मधील ग्रंथाचे नाव त्यातून सहज आठवते. मद्रास विद्यापीठाचे 'दोक्त्रिना विम प्रोमोवेत इन्सितम' हे लॅटिन वाक्य होरेसच्या काव्यातून आले आहे. 'शिक्षण हे अंगभूत सामर्थ्याला पुढे नेते' असा त्याचा अर्थ. होरेसने हे एका उच्चकुलीन रोमन सेनानीच्या गौरवप्रसंगी म्हटले आहे. शूरांपोटी शूर जन्मतात, पण शिक्षणाने त्या उपजत गुणाचा विकास होतो, असा मूळ ओघ आहे. म्हणजे मूळ संदर्भ कुलीनतेचा आणि वापर मात्र परीक्षेच्या मार्गाने पुढे येणाऱ्या सामान्य विद्यार्थ्यासाठी.

मुंबई विद्यापीठाचे वाक्य संस्कृत आहे : 'शीलवृत्तफला विद्या'. शील आणि सद्वर्तन हे विद्येचे फळ होय, असा त्याचा अर्थ. पाश्चात्त्य चौकटीत भारतीय अभिजात भाषा बसवण्याचा हा मार्ग महाराष्ट्रातील पुढच्या बहुतेक विद्यापीठांनी अनुसरला.

याचा अर्थ लॅटिन महाराष्ट्रात आली नाही असा नव्हे. १८६९ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयाचे 'प्रोवोकान्स आद वोलान्दुम' हे ब्रीदवाक्य बायबलच्या लॅटिन अनुवादातील आहे. पिलांना उडण्यास प्रवृत्त करणाऱ्या गरुडाची ती प्रतिमा आहे. १९२६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे वाक्य 'नोन सिबी सेद ओम्निबुस', म्हणजे 'स्वतःसाठी नव्हे, सर्वांसाठी'. या महाविद्यालयाला देणगी देताना तेथील अध्यापकपदी भारतीयच नेमावेत, अशी अट घालण्यात आली होती. राष्ट्रीय स्वाभिमानातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे ब्रीद लॅटिनमध्ये असावे, यावरून वैद्यकीय व्यवसायात त्या भाषेला असलेले वजन लक्षात येते.

४. दोन वाक्ये, एक ग्रंथ, एक शब्द

मुंबई आणि पुणे ही विद्यापीठे एकमेकांपासून सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराने स्थापन झाली. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले आणि डॉ. मु. रा. जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याचे ब्रीदवाक्य 'यः क्रियावान् स पण्डितः', म्हणजे 'जो कृती करतो तोच पंडित'. ही दोन्ही वाक्ये महाभारतातून आलेली आहेत, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही.

मुंबईचे वाक्य सभापर्वातील एका श्लोकाच्या आधारे तयार झाले आहे. नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराविषयी प्रश्न विचारतात, त्या संवादात हा श्लोक येतो. कोणत्या गोष्टीचे फळ कोणते, याची तेथे गणना आहे. वेदांचे फळ अग्निहोत्र, धनाचे फळ दान आणि उपभोग, पत्नीचे फळ रतिसुख आणि पुत्र, आणि श्रुताचे म्हणजे अध्ययनाचे फळ शील आणि वृत्त. ब्रीदवाक्यात 'श्रुत' या शब्दाच्या जागी 'विद्या' हा शब्द आला आणि त्यानुसार विशेषणाचे लिंग बदलले. श्लोकाचा उरलेला भाग गळला, हे योग्यच झाले. स्त्रीला धनाच्या रांगेत बसवणारे ते वचन आधुनिक विद्यापीठाला समग्र स्वीकारता आले नसते.

पुण्याचे वाक्य वनपर्वातील यक्षप्रश्नांतील आहे. ब्राह्मण्य कशाने प्राप्त होते : कुळाने, आचरणाने, स्वाध्यायाने की श्रुताने, असे यक्ष विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर निःसंदिग्ध आहे. कुळ नव्हे, स्वाध्याय नव्हे, श्रुतही नव्हे. वृत्त हेच कारण. या उत्तराच्या ओघात तो म्हणतो, की शिकणारे, शिकवणारे आणि शास्त्राचे चिंतन करणारे हे सारे व्यसनी आणि मूर्ख होत. जो क्रियावान तोच पंडित. विद्यापीठाने श्लोकाचा केवळ चौथा चरण घेतला. पहिले तीन चरण घेतले असते, तर ते वाक्य प्राध्यापकांच्या खोलीत लावणे अवघड झाले असते!

दोन्ही संदर्भ एकत्र ठेवले असता 'वृत्त' हा समान शब्द हाती येतो. मुंबईच्या ब्रीदात तो प्रत्यक्ष आहे. पुण्याच्या ब्रीदात तो प्रत्यक्ष नसला तरी ज्या उत्तरातून ते घेतले त्याचा तो गाभा आहे. लॅटिन परंपरेत प्रकाश आणि सत्य यांना जे स्थान आहे, ते महाराष्ट्रातील या दोन आद्य वाक्यांत आचरणाला आहे. ज्ञान हे येथे साध्य मानलेले नाही. ते वर्तनात उतरले तरच सफल मानले आहे. मुंबई आय.आय.टी.चे 'ज्ञानं परमं ध्येयम्' किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे 'ज्ञानमेवामृतम्' ही वाक्ये याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहेत. त्यांत ज्ञान हेच परम ध्येय किंवा अमृत ठरते. सोलापूरच्या विद्यापीठाचे 'विद्यया संपन्नता' विद्येतून येणाऱ्या समृद्धीकडे लक्ष वेधते.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. यक्षप्रश्नांतील युधिष्ठिर जन्मापेक्षा आचरण श्रेष्ठ मानतो, परंतु तो वर्णव्यवस्थेची चौकट नाकारत नाही. चार वेद जाणणारा दुराचारी मनुष्य शूद्राहूनही हीन, असे तो लगेच पुढे म्हणतो. ज्याला तो खरा ब्राह्मण म्हणतो त्याच्या लक्षणांत अग्निहोत्राचाही समावेश आहे. म्हणजे मूळ 'क्रिया' ही बऱ्याच अंशी धर्मविहित कर्म आहे. आज आपण त्या शब्दातून समाजोपयोगी कृती असा अर्थ काढतो. व्हर्जिल आणि होरेस यांच्या वचनांचे जे झाले तेच येथेही झाले. यात गैर काही नाही. पण हा अर्थ प्राचीन ग्रंथाने दिलेला नसून आधुनिक विद्यापीठाने स्वतःच्या जबाबदारीवर स्वीकारलेला आहे, याची जाणीव असली पाहिजे.

५. भाषेचा प्रश्न

युरोपात लॅटिनने जे कार्य केले तेच महाराष्ट्रात संस्कृतने केले, असे म्हणता येईल काय? प्राचीनता, गांभीर्य आणि प्रादेशिक भाषांपलीकडचे स्थान या दृष्टीने साम्य आहे. परंतु एक भेद मूलभूत आहे. लॅटिन शिकण्याच्या मार्गात गरिबी आड येत असे आणि स्त्रियांना विद्यापीठाचे दारच दीर्घकाळ बंद होते; संस्कृतच्या मार्गात यांखेरीज जातही आड आली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना त्यांना संस्कृत शिकण्याची इच्छा होती. अस्पृश्य म्हणून ती नाकारली गेली आणि फारसी घ्यावी लागली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. पुढे त्यांनी स्वप्रयत्नाने संस्कृतचा अभ्यास केला. ज्या विद्यापीठाची पदवी त्यांनी १९१२ मध्ये मिळवली, त्याचे आजचे ब्रीद ज्या भाषेत आहे ती त्यांना शाळेत शिकता आली नव्हती. असे असूनही त्या ब्रीदातील 'शील' या तत्त्वाचा पुरस्कार त्यांच्याइतक्या आग्रहाने क्वचितच कोणी केला असेल. विद्या, स्वाभिमान आणि शील ही आपली तीन उपास्य दैवते असल्याचे त्यांनी १९५४ मध्ये सांगितले होते. वाक्याची भाषा ज्याला नाकारली जाते, तोच त्याच्या आशयाचा खरा वारस ठरतो, ही विसंगती इतिहासाने नोंदवली पाहिजे.

स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातही असाच ताण दिसतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मातृभाषेतून उच्च शिक्षण हा त्याचा विशेष होता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठास मिळाले. या विद्यापीठाचे ब्रीद 'संस्कृता स्त्री पराशक्तिः', म्हणजे 'सुसंस्कृत स्त्री ही श्रेष्ठ शक्ती होय'. सभापर्वातील श्लोकात स्त्रीचे फळ सांगितले होते. येथे ती स्वतःच शक्ती आहे. हे अंतर मोठे आहे. मात्र अध्यापन मराठीतून आणि ब्रीद संस्कृतातून, हे द्वैत येथेही कायम आहे.

विसाव्या शतकात काही संस्थांनी मराठीतच ब्रीद घेतले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य याचे ठळक उदाहरण होय. संस्था विद्यापीठ नव्हती. परंतु 'कमवा आणि शिका' योजनेद्वारे श्रम करून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते वाक्य समजावून सांगावे लागत नव्हते, कारण तो ते जगत होता. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतले. एरवी लोक तीर्थाकडे जातात. येथे तीर्थच घराकडे निघाले आहे. दूरशिक्षणाची संपूर्ण कल्पना या दोन शब्दांत आली आहे. १९९० मध्ये जळगाव येथे सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. त्याचे ब्रीद 'अंतरी पेटवू ज्ञानज्योत' असे आहे. ऑक्सफर्डच्या वाक्यात प्रकाश ईश्वराकडून येतो; येथे तो आपण आपल्या आत पेटवायचा आहे. 'पेटवू' या क्रियापदात बोलणाऱ्याने स्वतःकडे घेतलेली जबाबदारी आहे. संस्कृत वाक्ये सिद्धांत सांगतात. ही मराठी वाक्ये संकल्प करतात.

६. बिरुद आणि ब्रीद

मराठीतील 'ब्रीद' या शब्दाचे नाते संस्कृत 'बिरुद' या शब्दाशी आहे. बिरुद म्हणजे पदवी किंवा कीर्तिवाचक विशेषण. परंतु मराठीत या शब्दाने वेगळे वळण घेतले. पायात ब्रीदाचा तोडर बांधणारा वीर आपल्या प्रतिज्ञेचे जाहीर आव्हान देत असे. 'ब्रीद राखणे', 'ब्रीदाला जागणे' हे वाक्प्रयोग प्रतिज्ञापालनाचे आहेत. ब्रीद मिरवायचे तर ते पाळावेही लागते.

वारकरी संतांनी या शब्दाला आणखी एक परिमाण दिले. पतितपावन हे विठ्ठलाचे ब्रीद. तेव्हा पतितांचा उद्धार करणे हे त्याचे कर्तव्य. ते होत नसेल तर संत देवाला जाब विचारतात आणि ब्रीद सोडून देण्यासही सुनावतात. नामदेवांपासून तुकारामांपर्यंत हा सूर ऐकू येतो. ब्रीद मोठ्याने घ्यायचे आणि त्याच्या पूर्ततेची मागणी लहानाने करायची, असा हा न्याय आहे. शिक्षणसंस्थेच्या संदर्भात हा न्याय लावला, तर ब्रीदवाक्यावर पहिला हक्क विद्यार्थ्याचा ठरतो. 'शीलवृत्तफला विद्या' म्हणणाऱ्या संस्थेत परीक्षेतील गैरप्रकाराकडे डोळेझाक होत असेल, किंवा 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणणाऱ्या व्यवस्थेत पुस्तके वेळेवर पोहोचत नसतील, तर विद्यार्थ्याची तक्रार ही केवळ प्रशासकीय बाब राहत नाही. तो संस्थेला तिच्या ब्रीदाची आठवण करून देत असतो.

१९९४ मध्ये नॅकची स्थापना झाल्यानंतर मूल्यांकनासाठी प्रत्येक महाविद्यालय आपले ध्येय आणि दृष्टिकोन लेखी मांडू लागले. हे विधान अनेकदा एका महाविद्यालयाचे दुसऱ्यास चालेल इतके सर्वसाधारण असते. ब्रीदवाक्य आधीच उपलब्ध असताना त्याचा आधार घेऊन वर्षाचे काम तपासावे, असा प्रयत्न क्वचित होतो. 'क्रिया' या शब्दाचा अर्थही आपण संकुचित केला आहे. २०१० नंतर प्राध्यापकाच्या कृतीची मोजणी गुणांत होऊ लागली आणि शोधनिबंधांची संख्या हीच कृती असा समज बळावला. यक्षाला उत्तर देणारा युधिष्ठिर अशा शास्त्रचिंतकांना पंडितांत गणत नाही, हे आपण सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

७. स्थानिक संदर्भ

पुणे-नगर मार्गावरील वाघोली हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. या परिसरातील महाविद्यालयांच्या पदवीप्रमाणपत्रांवर 'यः क्रियावान् स पण्डितः' हेच वाक्य असते. त्याचा एक दाखला येथेच सापडतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. त्यानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र याच कार्यातून उभे राहिले. आपत्तीनंतर अन्न आणि निवारा देण्याची परंपरा जुनी आहे. शाळा हीदेखील मदत होय, असे मानून ती वर्षानुवर्षे चालवणे ही क्रिया वेगळ्या प्रतीची होती. ब्रीदवाक्याचा अर्थ वर्गात समजावताना महाभारताइतकाच हा दाखलाही उपयोगी पडेल.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ब्रीदवाक्याची प्रथा युरोपीय आहे. महाराष्ट्राने तिचा आकार स्वीकारून भाषा आणि आशय मुख्यत्वे आपल्या परंपरेतून घेतले.

(२) लॅटिन वाक्यांत प्रकाश व सत्य यांना जे प्राधान्य आहे, ते मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या वाक्यांत आचरणाला आहे. दोन्ही वाक्यांचा उगम महाभारतातील वृत्तविषयक विचारात आहे.

(३) लॅटिन असो वा संस्कृत, उचललेल्या वचनाचा अर्थ नव्या संस्थेत बदलतो. त्या बदललेल्या अर्थाचे दायित्व संस्थेचे असते.

(४) संस्कृतकडून मराठीकडे झालेला प्रवास हा विद्यापीठ कोणासाठी, या प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तराचा निदर्शक आहे.

यासोबत एक छोटी सूचना करावीशी वाटते. प्रथम वर्षाच्या स्वागत कार्यक्रमात विद्यापीठाच्या ब्रीदवाक्याचा मराठी अर्थ, मूळ संदर्भ आणि त्यातील मर्यादा यांवर अर्ध्या तासाचे विवेचन व्हावे आणि माहितीपुस्तिकेत त्याचा मराठी अनुवाद छापला जावा. याला खर्च नाही.

पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. सावित्रीबाईंनी जोतीरावांसह १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली आणि १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. बोधचिन्हाखालील वाक्य पुल्लिंगी आहे. त्याचा अर्थ मात्र आज ज्या नावाशेजारी ते छापले जाते त्या नावाने सिद्ध केला आहे. त्या नावाखाली शिकवणाऱ्यांकडून विद्यार्थ्याने त्या ब्रीदाची अपेक्षा धरली, तर ती अवाजवी म्हणता येणार नाही.